पाणी उकळलं, मग झालं ना?

सुट्टीत आजोळी गेल्यावर तुम्ही सगळ्यात आधी काय करता? मी विहिरीचं पाणी पिते. माझं आजोळ अमरावती जिल्ह्यात. "फ्रिजचं राहू दे, हे पी. किती गोड हाय!" हा मामीचा ठरलेला डायलॉग. आणि खरंच, पाणी काचेसारखं नितळ.

लोचा तिथेच आहे. नायट्रेटला ना रंग, ना वास, ना चव. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातल्या जवळपास ३६ टक्के नमुन्यांत ते मर्यादेपेक्षा, म्हणजे लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा, जास्त निघालं. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत अमरावतीसोबत वर्धा, बुलढाणा, यवतमाळ, नांदेड, बीड आणि जळगावही आहेत.

पिकाने न घेतलेल्या युरियातलं नत्र नायट्रेट होऊन पावसाबरोबर खाली झिरपतं. ४५ किलोची गोणी २६६ रुपयांच्या आसपास मिळते, मग हात सैल सुटतोच. पण लगेच शेतकऱ्याकडे बोट दाखवू नका. विहिरीलगतचा उकिरडा, गोठा, संडासाचा शोषखड्डा यांतूनही ते येतं. (मामाच्या विहिरीजवळ तिन्ही आहेत!)

मला टेन्शन आलं ते वहिनीच्या चार महिन्यांच्या बाळाचं. त्याला डब्यातलं दूध सुरू आहे, तेही याच पाण्यात कालवून. "अगं, मी उकळूनच घेते," वहिनी म्हणाली. तुमच्याही घरी हेच म्हणतील. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटेल तसं त्याचं प्रमाण वाढतं. तुरटी आणि क्लोरिनचाही उपयोग नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना धोका जास्त. रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद घटते, ओठ-नखं निळसर पडतात. अमेरिकेतल्या आयोवात डॉ. हंटर कॉमली यांनी शेतातल्या विहिरींचा हा संबंध १९४५ मध्येच दाखवला होता.

जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाणी तपासायची किट दिली आहेत, पाच-पाच महिलांना ट्रेनिंगही. आमच्या गावचं किट कपाटात होतं, किल्ली शोधण्यात अर्धा दिवस गेला. तपासणाऱ्या ताईंनी नळीतला रंग कार्डाशी जुळवला. ४५ च्या वरच. नमुना आता लॅबला गेलाय. तोवर बाळाच्या दुधासाठी आरओचा कॅन येतो. उकिरडा हलवायला मामा तयार आहे, फक्त कुठे हलवायचा यावर घरात वाद चालू आहे.

मामी अजून विहिरीचंच पिते. गोड लागतं म्हणते.