गठाणीच्या वाटेने मुंबई

आमच्या मानवतचा माणूस मुंबईला गेला की चौपाटीवर पाय ओले करतो, मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून एक फोटो काढतो, गेटवेसमोर दुसरा, आणि गावी येऊन सांगतो, समुद्र बघून आलो. मीही तीन-चार खेपा तेवढंच केलं. यंदा संक्रांतीनंतर काकांना घेऊन गेलो तेव्हा बेत फिसकटला. काकांचं सगळं आयुष्य मोंढ्यात आणि जिनिंगवर गेलेलं. ते म्हणाले, "चौपाटी राहू दे. आपली गठाण मुंबईला जायची म्हणतात, ती नेमकी कुठं जायची ते दाखव."

देवगिरी एक्सप्रेसमध्ये समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी गाव विचारलं. मानवत म्हटल्यावर त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेलाच होता: "तेच का, खुनांचं?" 1970 च्या दशकातलं ते प्रकरण लोक विसरत आले होते, तर त्यावर मालिका आली. काका म्हणाले, "हो, तेच. कापसाचंही आहे."

मनमाडला गाडी थांबली तेव्हा काका जागेच होते. आमची रेल्वे निजामाच्या राज्यात 1900 च्या सुमारास आली, तीही मीटरगेज. पुढची मुंबईची लाइन ब्रॉडगेज. त्यामुळे नव्वदच्या दशकात रूळ रुंद होईपर्यंत मनमाडला माणसांनी गाडी बदलायची आणि मालानेही. एकेक गठाण एका वॅगनमधून उतरवून दुसरीत चढवायची. त्यात निजामाचं राज्य ओलांडताना करोडगिरीचा कर वेगळा. म्हणजे मुंबईचं पाणी दिसेपर्यंत गठाण दोनदा हमालाच्या पाठीवर आणि एकदा कारकुनाच्या वहीत चढलेली असायची.

आता मुंबईच्या समुद्राबद्दल थोडं, कारण इथेच आपली चूक होते. मुंबईला समुद्र दोन आहेत. चौपाटी, मरीन ड्राइव्ह, वरळी, जुहू हा पश्चिमेचा, उघडा समुद्र. पावसाळ्यात तिकडून येणारा वारा आणि लाटा सरळ किनाऱ्यावर आपटतात. तिथे जहाज बांधून ठेवायची सोय नाही. बंदर आहे ते पूर्वेला, बेट आणि कोकणची मुख्य जमीन यांच्या मधल्या पाण्यात. सगळं बेटच वाऱ्याला पाठ करून उभं राहतं आणि त्याच्या आडोशाला पाणी निवांत, खोल. या आडोशापायीच इंग्रजांनी इथे तळ ठोकला. पर्यटक मात्र उघड्या समुद्राकडे बघून परत जातो. घराच्या मागच्या परसाला दिवाणखाना समजण्यातला प्रकार.

आडोशाच्या बाजूला बंदर किती भिनलंय, ते नुसत्या नावांवरून कळतं: बोरीबंदर, मशीद बंदर, कर्नाक बंदर, वाडी बंदर, चिंच बंदर. गेटवे जिथे उभा आहे ते अपोलो बंदर म्हणजे मूळचं पालवा बंदर. त्याचा ग्रीक देवाशी काही संबंध नाही. 16 एप्रिल 1853 ला पहिली गाडी सुटली तीही बोरीबंदरहून. रेल्वेचं एक टोक धक्क्याला लागलेलं हवं, हे तेव्हा कोणाला वेगळं सांगावं लागत नव्हतं.

आम्ही सुरुवात केली हॉर्निमन सर्कलपासून. एशियाटिकच्या पायऱ्यांवर बसून समोरची गोल बाग काकांना दाखवली आणि म्हटलं, इथे मोकळं मैदान होतं आणि त्यावर कापसाच्या गठाणींचे ढीग लागायचे. काकांनी चारी बाजूंच्या इमारती नीट पाहिल्या. "गावाच्या मधोमध? आग लागली म्हणजे?" तेच भय इंग्रजांनाही होतं. 1844 च्या सुमारास कापूस कोटाबाहेर कुलाब्याला हलवला, त्या जागेला नाव पडलं कॉटन ग्रीन. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी चालली, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि मुंबईवर पैशांचा पाऊस पडला. खानदेश-वऱ्हाडचा कापूस सोन्याच्या भावाने गेला. समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या, त्यांचे शेअर लोकांनी डोळे झाकून घेतले, आणि युद्ध संपताच सगळा डोलारा कोसळला. त्या काळातला सर्वांत मोठा खेळाडू प्रेमचंद रायचंद. विद्यापीठातला राजाबाई टॉवर त्याच्या आईच्या नावाचा. आमच्या भागाला या सोन्याच्या दिवसांत रेल्वेच नव्हती. ती यायला पुढे पस्तीस वर्षं लागली. मराठवाड्याची गाडी उशिरा सुटते ही तक्रार जुनीच आहे.

शहर बंदराचं झालं ते त्या कोसळण्यानंतर. 1869 ला सुएझ कालवा उघडला, 1873 ला पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, मग ओळीने ससून डॉक, प्रिन्सेस डॉक, व्हिक्टोरिया डॉक, आणि 1914 ला अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आताची इंदिरा गोदी. तिच्या खोदाईतून निघालेल्या मातीवर बॅलार्ड इस्टेट वसली. ही इस्टेट रविवारी सकाळी चालत बघावी. रस्ते रिकामे असतात. गोदीत शिरायला मात्र पास लागतो, हौशी माणसाला कोणी आत सोडत नाही. गोदी कामगारांच्या पुढाऱ्याचं नाव असलेल्या पी. डिमेलो रस्त्याने भिंतीच्या कडेकडेने जायचं, एवढंच हातात.

त्यापेक्षा सोपा मार्ग आहे: सीएसएमटीहून हार्बरची लोकल पकडायची. आपण दिवसभर 'हार्बर, हार्बर' म्हणतो आणि त्याचा अर्थ बंदर हे डोक्यातही येत नाही. भारतातली पहिली विजेवरची गाडी 3 फेब्रुवारी 1925 ला याच मार्गाने कुर्ल्यापर्यंत धावली. मशीद, सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड, आणि मग कॉटन ग्रीन. कुलाब्यात जागा पुरेना म्हणून 1920 च्या दशकात कापूस शिवडीच्या बाजूला आला आणि येताना आपलं नावही घेऊन आला.

कॉटन ग्रीनला आम्ही उतरलो. स्टेशनसमोर कापूस बाजाराची इमारत, कापूस व्यापाऱ्यांच्या संघटनेचं कार्यालय आजही तिथेच. काका पाटीपाशी बराच वेळ उभे राहिले. मानवतला शेतकरी क्विंटलने कापूस घालतो, पण रुईचा सौदा खंडीवर होतो, 356 किलोची खंडी. काका एवढंच म्हणाले, "भाव इथून यायचा." मग चहा सांगितला.

चहा पिताना मी त्यांना 14 एप्रिल 1944 ची गोष्ट सांगितली. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज लागलं होतं. पोटात सुमारे 1,400 टन स्फोटकं, सोन्याच्या विटा, आणि कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गठाणी. दुपारी धूर दिसला. बंबांनी तास-दोन तास पाणी मारलं. आग विझेना. चारच्या सुमारास जहाज उडालं, अर्ध्या तासाने पुन्हा. शेकडो माणसं गेली, त्यांत अग्निशमन दलाचे 66 जवान होते. 14 एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात तो यामुळे. एक सोन्याची वीट उडून एका पारशी गृहस्थाच्या घराचं छप्पर फोडून आत पडली. त्याने ती परत केली.

विटेचं काकांना काहीच वाटलं नाही. ते आगीवर अडकले होते. "पाणी मारून गठाण विझत नसते. दाबलेली रुई आतून धुमसत राहते. वरून भिजलेली दिसते, आणि दोन दिवसांनी फोडली तर आत निखारा. आमच्याकडं पेटली की आधी ओढून बाहेर, मोकळ्यावर टाकायची आणि पट्ट्या तोडायच्या." थोडं थांबून म्हणाले, "जहाजातून ओढणार कशी?" या स्फोटावर मी बरंच काही वाचलं होतं, पण बंबवाल्यांची अडचण मला त्या टपरीवर कळली.

दुसऱ्या दिवशी गेटवेहून घारापुरीची लाँच धरली. लेणी सोमवारी बंद असतात, हे ध्यानात ठेवून निघावं. बंदर बघायचं तर लेण्यांइतकीच ही तासाभराची फेरी महत्त्वाची. गेटवे तुम्ही जमिनीवरून बघता तेव्हा त्याची पाठ बघता. त्याचं तोंड पाण्याकडे, बोटीतून उतरणाऱ्याकडे आहे. 1924 ला तो खुला झाला आणि 28 फेब्रुवारी 1948 ला शेवटची इंग्रज पलटण त्याच्याखालूनच बोटीत चढली. लाँच दूर गेली की मागे गोदीच्या क्रेन, नौदलाच्या करड्या बोटी, मध्ये जवाहर द्वीपाला लागलेले तेलाचे टँकर असं एकेक उलगडत जातं.

घारापुरी जवळ आल्यावर पलीकडे न्हावा-शेवा दिसू लागलं. 1989 ला ते सुरू झालं आणि मुंबईच्या गोदीतला बराचसा माल तिकडे सरकला. कापूसही आता कंटेनरमधून तिथूनच जातो. 2015 मध्ये जालन्याला ड्राय पोर्टचं भूमिपूजन झालं ते याच बंदराच्या नावाने. काका कठड्याला धरून उभे होते. लांबून रंगीत काड्यापेट्यांसारखे रचलेले डबे मोजायचा त्यांनी प्रयत्न केला, मग सोडून दिला.

"एका डब्यात वजन किती घेत असतील?"

"मोठ्यात पंचवीस-सव्वीस टन."

त्यांनी बोटांवर हिशेब केला. "गठाण एकशे सत्तर किलोची. म्हणजे दीडशे गठाणी झाल्या. एका गठाणीला पाच क्विंटल कापूस धर." पुन्हा बोटं हलली. "साडेसातशे क्विंटल. एका डब्यात." आणि मग लाँचवाल्याच्या पोराला हाक मारून विचारलं, "बाबा, त्या डब्याला आग लागली तर उघडतात कुठून?"