कँटरबरी ते डोव्हर : यात्रेकरूंच्या जुन्या वाटेवर एक दिवस

महाशिवरात्र जवळ आली की आपल्या मॉरिशस बेटावरील रस्ते पांढऱ्या कपड्यांतील यात्रेकरूंनी भरून जातात. कुणी त्रिओलेहून, कुणी फ्लाकहून, तर कुणी आपल्या कास्काव्हेलहून खांद्यावर कावड घेऊन गंगा तलावाकडे निघतो. १८९८ साली त्रिओलेचे झुम्मनगिरी गोसाईं आपल्या सोबत्यांसह रानातून चालत त्या तलावावर पोहोचले आणि ही प्रथा सुरू झाली, हे आपण शाळेतील मुलांना दरवर्षी सांगतो. पंढरीची वारी तर आपल्या पूर्वजांच्या रक्तातच होती. त्यामुळे देवासाठी पायी चालावे ते आपल्याच लोकांनी, असा माझा समज होता. गेल्या ऑगस्टच्या सुटीत इंग्लंडमध्ये हा समज दूर झाला आणि त्याबरोबर स्वतःच्या घरची एक चूकही ध्यानात आली. ती वाचकांपुढे ठेवावी म्हणून हा लेख.

माझी धाकटी बहीण केंट परगण्यात परिचारिका आहे. तिला तेथे वीस वर्षे होऊन गेली. बाबा वारल्यानंतर आम्ही दोघी प्रथमच निवांत भेटत होतो. ती म्हणाली, "ताई, लंडन पाहून झालं. आता एक दिवस माझ्याबरोबर चाल. इथून रोमला जाणारी यात्रेकरूंची जुनी वाट आहे. आपण तिचा पहिला टप्पा चालू."

रोमला जाणाऱ्या या वाटेला इटालियन भाषेत 'व्हिया फ्रांचिजेना' म्हणतात, म्हणजे फ्रँक लोकांच्या देशातून येणारी वाट. कँटरबरीच्या मोठ्या देवळापासून, अर्थात कॅथीड्रलपासून, ती सुरू होते. डोव्हरला समुद्र ओलांडून फ्रान्स, मग स्वित्झर्लंड, सेंट बर्नार्डची २,४६९ मीटर उंचीची खिंड आणि त्यापुढे इटलीतील सुमारे एक हजार किलोमीटर शेते, टेकड्या व गावे पार करीत ती रोमला पोहोचते. सगळे अंतर जवळजवळ दोन हजार किलोमीटर आहे. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर धरले, तर ही आठ वाऱ्यांची चाल झाली.

सकाळी सात वाजता आम्ही कॅथीड्रलच्या दक्षिण दाराशी उभ्या होतो. तेथे एक दगड बसवला आहे. वाटेचा शून्य किलोमीटर तो. आदल्या दिवशी आम्ही आत जाऊन दर्शन घेतले होते. याच देवळात २९ डिसेंबर ११७० रोजी आर्चबिशप टॉमस बेकेट यांची राजाच्या सरदारांनी हत्या केली. पुढे ११७४ साली राजा दुसरा हेन्री प्रायश्चित्त म्हणून अनवाणी चालत तेथे आला. बेकेट यांच्या समाधीच्या दर्शनाला साडेतीनशेहून अधिक वर्षे लोक येत राहिले. १५३८ साली आठव्या हेन्रीच्या हुकमाने ती समाधी मोडण्यात आली. आता त्या जागी फक्त एक मेणबत्ती तेवत असते. पण समाधीकडे जाणाऱ्या दगडी पायऱ्या मध्ये खोलगट झालेल्या आहेत. भाविक त्या गुडघ्यांवर चढत असत. त्या पाहून मला पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावरील पायऱ्या आठवल्या. एकीकडे लोक आपल्या इच्छेने आले, दुसरीकडे पोटासाठी आले. दगडाने मात्र दोघांचीही पावले सारखीच जपून ठेवली.

तेथे यात्रेकरूला एक छोटी वही मिळते. मुक्कामाच्या गावी तिच्यावर शिक्का घ्यायचा. रोमपूर्वीचे निदान शेवटचे शंभर किलोमीटर पायी चालल्याची खूण त्या वहीत दिसली, तर रोममध्ये प्रमाणपत्र मिळते. आमची वही एकाच शिक्क्याची राहणार हे ठाऊक होते, तरी बहिणीने ती हौसेने घेतली.

शहर मागे पडले आणि सेंट मार्टिनचे चर्च जवळ आले. इसवी सन ५९७ च्याही आधीपासून तेथे प्रार्थना होत आली आहे. तेथून बागा व शेते सुरू झाली. पॅट्रिक्सबोर्न गावातील जुन्या चर्चच्या कोरीव दारापाशी आम्ही पहिल्यांदा थांबलो. पुढे चढ लागला. गव्हाची कापणी नुकतीच झालेली, पिवळे खुंट उन्हात चमकत होते. जमीन खडूची, म्हणून वाट पांढरी. तासाभरात आमचे काळे बूटही पांढरे झाले. मी म्हटले, "फळ्यापुढे वीस वर्षे उभी राहिले, पण इतका खडू कधी अंगावर उडाला नव्हता!"

एक गोष्ट मला फार आवडली. वाट सरळ शेतकऱ्याच्या शेतातून जाते. शेत त्याच्या मालकीचे, पण वाट सर्वांची. कायद्यानेच ती तशी आहे. नांगरणी केली तरी शेतकऱ्याने वाट पुन्हा मोकळी करून द्यावी लागते. लहानपणी कोठीच्या उसातून जाताना पहारेकऱ्याला भिणाऱ्या आम्हा दोघींना याचे मोठे नवल वाटले.

वाटेत वुलेज नावाची लहानशी वस्ती लागते. शेजारच्या स्नोडाऊन कोळसा खाणीतील कामगारांसाठी ती वसवली होती. १९८७ साली ती खाण बंद पडली. एका नमुन्याची ती ओळीतील घरे पाहून बहीण म्हणाली, "अगदी आपल्या कोठीच्या कँपसारखी." पोटासाठी दूर देशी येऊन एका रांगेत राहणे काय असते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

चालता चालता मी तिला सिजेरिकची गोष्ट सांगितली. सिजेरिक हा कँटरबरीचा आर्चबिशप. ९९० साली तो रोमला गेला. नव्या आर्चबिशपने पोपच्या हातून पांढऱ्या लोकरीची एक पट्टी घ्यावी, असा तेव्हा नेम होता. ती घेऊन तो परतला. त्याच्या सोबत्यांपैकी कुणीतरी परतीच्या मुक्कामांची नावे लिहून ठेवली. वर्णन नाही, भाविक उद्गार नाहीत. नुसती नावे आणि त्यांचे अनुक्रमांक. पहिले रोम, मग सुत्री, बोलसेना, सान किरिको, सिएना, लुक्का आणि असेच पुढे, असे सुमारे ऐंशी मुक्काम. रोज सरासरी वीस किलोमीटरच्या आसपास चाल पडली असावी. हे हस्तलिखित आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

काळाच्या ओघात ही वाट लोक विसरले. मग १९८५ साली जोव्हान्नी कासेल्ली या इटालियन अभ्यासकाने ती यादी हाती धरून एकेक गाव शोधत वाट पुन्हा आखली. १९९४ साली युरोप परिषदेने तिला सांस्कृतिक मार्गाचा मान दिला. आज इटलीच्या माळरानावरून रोज यात्रेकरू चालतात, ते त्या नावांच्या यादीमुळे. एक हजार वर्षांपूर्वी कुणीतरी संध्याकाळी थकून बसल्यावर एक ओळ लिहिली म्हणून.

"आणि आपण आत्ता चालतोय ती गावं? ती कितव्या नंबरावर?" बहिणीने विचारले.

उत्तर देताना मीच थबकले. ती गावे यादीत नाहीतच. यादी रोमला सुरू होते आणि फ्रान्सच्या किनाऱ्यावर संपते. समुद्राच्या अलीकडची, स्वतःच्या देशातील वाट कुणी लिहिलीच नाही. परक्या देशातील प्रत्येक गाव लिहिले. घरची वाट काय लिहायची, ती तर सर्वांनाच ठाऊक! असे त्यांना वाटले असावे.

बहीण काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "ताई, बाबांचे नऊ विसावे तुला आठवतात?"

आमचे बाबा कास्काव्हेलहून गंगा तलावापर्यंत दरवर्षी पायी जात. घरी आम्ही बोलायचो क्रिओलमध्ये, पण विसावे ते मराठीतच मोजत. पहिला विसावा, दुसरा विसावा, असे बोटावर. परत आले की रात्री जेवताना सगळी वाट पुन्हा सांगत. आम्ही हसायचो. वाटायचे, ही तर दरवर्षीचीच गोष्ट.

मी मोजू लागले. पहिला, उसाच्या टोकाला असलेला वड. दुसरा, बो सोंजचे दुकान. सहावा, वाक्वाची बैठका, जेथे रात्री भजन होई. सातवा ला मारी. नववा स्वतः गंगा तलाव. पाच झाले आणि मी अडले. मी शिक्षिका, मुलांकडून पाढे व सनावळ्या पाठ करून घेणारी. पण बाबांच्या नऊ नावांपैकी चार मला येत नव्हती.

त्याचे कारणही उघड होते. मी गंगा तलावाला नेहमी बसने गेले. बहीण मात्र सात वर्षांची असताना एकदा हट्टाने बाबांबरोबर चालली होती. टाचेला फोड आले, तेव्हा बाबांनी कावड सोबत्याकडे देऊन तिला खांद्यावर घेतले होते. तिने चौथा सांगितला, पाल्मा, जेथे बाबांनी तिचे फोड धुतले. पाचवा काँडोस, जेथे एक तमिळ कुटुंब लिंबाचे सरबत वाटत असे. आठवा मार ओ वाक्वाचा जलाशय, जेथे धुक्यात समोरचा माणूस दिसत नसे आणि सगळे मोठ्याने नाव घेत चालत. वीस वर्षे परदेशी राहिलेल्या माझ्या बहिणीला आपल्या बेटावरील वाट माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती. पायांनी शिकलेला धडा विसरला जात नाही, हे तेव्हा पटले.

तिसरा विसावा मात्र दोघींनाही आठवला नाही.

शेपर्ड्सवेलला दुपार झाली. तेथे रेल्वेचे स्थानक आहे. माझे गुडघे बोलू लागले होते. बहीण म्हणाली, "गाडीने जाऊ या का?" मी नको म्हटले. एकदा बसने जाऊन काय गमावले ते नुकतेच कळले होते. डबा उघडून पोळी-भाजी खाल्ली आणि उठलो. पुढे वॉल्डरशेअरची जुनी बाग, मोठमोठे वृक्ष, मग रोमन लोकांनी आखलेला सरळ रस्ता. कुंपणावर काळी रानफळे पिकली होती. ती खात खात शेवटचा उतार उतरलो.

डोव्हरला पोहोचलो तेव्हा संध्याकाळचे सहा वाजून गेले होते. सुमारे तीस किलोमीटर झाले. या गावात १२०३ साली ह्यूबर्ट डी बर्ग याने यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधली. तिचे नाव 'देवाचे घर'. पुढे तेथेच नगरभवन झाले. आम्ही समुद्राशी जाऊन बसलो. पलीकडे तेहतीस किलोमीटरवर फ्रान्सचा किनारा पुसट दिसत होता. सिजेरिकची यादी तेथे संपते. आमच्या वहीची उरलेली पाने कोरीच राहणार होती. बहिणीने पेन काढले आणि एका कोऱ्या पानावर एक ते नऊ आकडे घातले. आठांपुढे नावे लिहिली. तिसऱ्यापुढची जागा रिकामी ठेवली.

वाचकहो, माझे सांगणे एवढेच आहे. आपले पणजोबा-खापरपणजोबा रत्नागिरी, सातारा, सावंतवाडीकडून आले. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत करारी मजुरांच्या नोंदवह्या आहेत. त्यांत नाव सापडते, जहाज सापडते, नशीब असेल तर गावही सापडते. पण त्या गावापासून मुंबई बंदरापर्यंत ते कोणत्या वाटेने गेले, कोठे थांबले, कुणी पाणी दिले, हे सरकारने लिहिले नाही आणि आपणही विचारून ठेवले नाही. वारीचे तसे नाही. पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी ही नावे वारकऱ्याच्या घरातील पोरालाही येतात, कारण ती पिढ्यान्‌पिढ्या उच्चारली जातात.

आपल्या घरात आजी-आजोबा असतील तर आजच त्यांच्याजवळ बसावे. गंगा तलावाची वाट असो, पहिल्या गणपतीच्या विसर्जनाची असो किंवा शाळेत जाण्याची असो, थांबण्याच्या जागा विचाराव्यात व वहीत लिहाव्यात. सुंदर भाषेची गरज नाही. नुसती नावे, अनुक्रमाने. मराठीत लिहिता आले तर उत्तमच, नाहीतर क्रिओलमध्येही चालेल. मी माझ्या सहावीच्या मुलांना हाच गृहपाठ दिला आहे.

आणि एक विनंती. पूर्वी कास्काव्हेलहून पायी गंगा तलावाला जाणाऱ्यांपैकी कुणी हा लेख वाचत असेल, तर बो सोंज आणि पाल्मा यांच्यामध्ये यात्रेकरू कोठे विसावत असत, हे या पानाच्या संपादकांकडे अवश्य कळवावे. आमच्या वहीत ती एक ओळ रिकामी आहे.