नवा फ्लाइट सिम्युलेटर खेळायचाय? ग्राफिक्स कार्डावर लाखभर घालण्याआधी हे वाचा

१९ नोव्हेंबर २०२४. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ त्या दिवशी जगभर खुला झाला आणि महागडं ग्राफिक्स कार्ड बसवून तयार असलेली मंडळीही लोडिंगच्या पट्टीकडे बघत बसली. अनेकांची पट्टी ९७ टक्क्यांवर येऊन अडकली. दोष त्यांच्या पीसीचा नव्हता, गर्दीने मायक्रोसॉफ्टचे सर्व्हर कोलमडले होते. दोन लाख खेळाडूंचा कृत्रिम भार टाकून चाचणी केली होती, पण प्रत्यक्षात यंत्रणा तग धरू शकली नाही, असं नंतर कंपनीनेच सांगितलं.

सर्व्हर पुढे सावरले. पण हा गेम सगळाच्या सगळा तुमच्या पीसीत नसतो, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. त्यामुळे ‘कुठलं ग्राफिक्स कार्ड घेऊ?’ या प्रश्नापासून सुरुवात केली की बजेटची वाट लागते.

कंपनी काय सांगते?

कंपनीने तीन पातळ्या दिल्या आहेत. किमान पातळीवर रायझन ५ २६००एक्स किंवा इंटेल कोअर आय७-६८००के प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि १० एमबीपीएस इंटरनेट. शिफारस केलेल्या पातळीवर रायझन ७ २७००एक्स किंवा आय७-१०७००के, आरटीएक्स २०८० किंवा आरएक्स ५७०० एक्सटी कार्ड, ३२ जीबी रॅम, ५० एमबीपीएस. आणि ‘आदर्श’ पातळीवर रायझन ९ ७९००एक्स किंवा आय७-१४७००के, आरटीएक्स ४०८० किंवा आरएक्स ७९०० एक्सटी, ६४ जीबी रॅम, १०० एमबीपीएस.

किमान पातळीच्या कार्डांमध्ये २०१४ सालचं जीटीएक्स ९७० आणि २०१९ सालचं आरएक्स ५७०० शेजारी-शेजारी आहेत. या दोघांच्या ताकदीत बराच फरक आहे, म्हणजे तक्ता अंदाजापुरताच घ्यायचा. शिवाय तो फक्त गेम चालेल का ते सांगतो. तुमचा पीसी कुठे अडकेल, हे तो सांगत नाही.

विमान उडवतो कोण? प्रोसेसर

शूटिंग गेममध्ये बहुतेक भार ग्राफिक्स कार्डावर असतो. इथे चित्र काढण्याआधी बराच हिशोब होतो. पंखांवरचा हवेचा दाब, वारा, इंजिन, कॉकपिटमधले पडदे, आसपासची इतर विमानं, खाली दिसणाऱ्या इमारती. हे सगळं प्रोसेसर करतो आणि मग कार्डाला ‘आता काढ’ म्हणून सांगतो. त्यातलं बरंचसं काम एकापाठोपाठ एक, एकाच मुख्य धाग्यावर (याला मेन थ्रेड म्हणतात) चालतं. २०२४ च्या आवृत्तीत काम जास्त कोअरमध्ये वाटलं गेलंय, तरी मुख्य धाग्याचं ओझं संपलेलं नाही. म्हणून १६ कोअरचा प्रोसेसर ८ कोअरवाल्याच्या दुप्पट वेगाने गेम चालवेल, असं होत नाही.

फरक पाडते ती कॅश मेमरी. स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. फोडणी देताना मोहरी मिसळणाच्या डब्यात हाताशी असेल तर काम झटक्यात होतं, फडताळातून बरणी काढायची तर थांबावं लागतं, आणि दुकानात जायचं म्हटलं तर तेल जळतं. कॅश म्हणजे मिसळणाचा डबा, रॅम म्हणजे फडताळ, एसएसडी म्हणजे दुकान. सिम्युलेटरला सतत इकडची-तिकडची माहिती लागते, त्यामुळे डबा जितका मोठा तितके हेलपाटे कमी.

एएमडीच्या ‘एक्स३डी’ प्रोसेसरांचं सिम्युलेटरवाले एवढं कौतुक का करतात, त्याचं कारण हेच. २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७ ५८००एक्स३डीमध्ये ९६ एमबी एल३ कॅश आहे, साध्या ५८००एक्समध्ये ३२ एमबी. पुढच्या ७८००एक्स३डी आणि ९८००एक्स३डीतही ९६ एमबीच आहे. ज्यांच्याकडे आधीच एएम४ मदरबोर्ड आहे, त्यांना रास्त भावात ५८००एक्स३डी मिळाला तर बोर्ड आणि रॅम बदलण्याचा खर्च वाचतो. आधी बोर्डाचं बायोस अपडेट करावं लागू शकतं, एवढंच.

मग कार्ड कुठलं?

आधी मॉनिटर बघा. १०८० पिक्सेलच्या मॉनिटरसाठी आरटीएक्स ४०८० घेणं म्हणजे गल्लीत भाजी आणायला ट्रक काढणं. कार्ड निवांत बसून राहील आणि प्रोसेसर धापा टाकेल. ४के मॉनिटर असेल किंवा व्हीआर हेडसेट घ्यायचा असेल, तर मात्र कार्डावर पैसे घालण्यात अर्थ आहे. व्हीआरमध्ये प्रत्येक डोळ्यासाठी वेगळं चित्र काढावं लागतं.

कार्डाच्या नावाइतकंच त्याच्या व्हीआरएएमकडे लक्ष द्या. दाट शहर, उत्तम टेक्श्चर, मोठं प्रवासी विमान असं एकत्र आलं की ८ जीबी अपुरे पडू लागतात आणि चित्र अडखळतं. आरटीएक्स ५०६० टीआय ८ जीबीतही मिळतं आणि १६ जीबीतही. खोक्यावर नाव तेच असतं, त्यामुळे आकडा नीट वाचूनच बिल करायला सांगा.

लॅपटॉपवाल्यांनी तर जास्तच सावध राहायला हवं. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०७० ला १२ जीबी मेमरी आहे, लॅपटॉपच्या ४०७० ला ८ जीबी. डेस्कटॉपच्या ४०८० ला १६, लॅपटॉपच्या ४०८० ला १२. नाव एकच असलं तरी आतली चिपही वेगळी असते. त्यात लॅपटॉपचं ४०७० उत्पादकाच्या मर्जीनुसार ३५ ते ११५ वॅटपर्यंत कुठेही चालवलेलं असू शकतं. दुकानदाराला वॅट विचारा. त्याला सांगता आलं नाही, तर त्या मॉडेलचं स्पेसिफिकेशन पान उघडून बघा.

आणि ६० एफपीएसचा हट्ट सोडा. इथे शत्रूवर नेम धरायचा नसतो. ६० एफपीएससाठी पीसीला एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंदांत काढावं लागतं, ३० साठी ३३.३. स्थिर ३५-४० एफपीएसवर विमान छान उतरवता येतं. अधूनमधून बसणारे झटके मात्र त्रास देतात.

डेटा पॅक ५ मिनिटांत संपेल

जमीन, इमारती, झाडं यांची बहुतेक माहिती या आवृत्तीत उडतानाच इंटरनेटवरून येते. म्हणून गेमसाठी ५० जीबी जागा पुरते, जिथे २०२० च्या आवृत्तीला सुमारे १५० जीबी लागायचे. जागा वाचली, पण डेटा वाढला. सलग ५० एमबीपीएस वेगाने माहिती येत राहिली तर तासाला २२.५ जीबी होतात. प्रत्यक्षात समुद्रावरून उडताना कमी लागेल, लंडन-न्यूयॉर्कवर जास्त. पण रोजच्या २ जीबीच्या मोबाइल पॅकवर त्या वेगाने ५ मिनिटं २० सेकंदच उडता येईल. हॉटस्पॉटवर खेळायचा विचार असेल तर तो सोडून द्या. फायबर असेल तर पीसीला वायफायऐवजी केबल जोडा आणि सेटिंगमधली रोलिंग कॅश एसएसडीवर ठेवा, म्हणजे त्याच भागावरून पुन्हा उडताना सगळं नव्याने उतरवावं लागणार नाही.

मुलाला पायलट व्हायचंय म्हणून पीसी घेताय?

बऱ्याच घरांत खर्चाला मंजुरी याच कारणाने मिळते. तेव्हा हे स्पष्ट असू द्या: भारतात व्यावसायिक पायलट परवान्यासाठी उड्डाणाचे २०० तास लागतात आणि घरच्या पीसीवरचे तास त्यात धरले जात नाहीत. चेकलिस्ट, कॉकपिटची ओळख, रेडिओवर कुठल्या क्रमाने काय बोलायचं, याची सवय मात्र होते. त्यासाठी ‘आदर्श’ पातळीचा पीसी लागत नाही. वाचलेल्या पैशांतून मूठ फिरवून रडर चालवता येणारी साधी जॉयस्टिक आणा, लॉजिटेक एक्स्ट्रीम ३डी प्रोसारखी. कीबोर्डवर विमान उतरवायला शिकलेल्याच्या हाताला चुकीची सवय लागते.

खरेदीआधी एक महिना

हा गेम पीसी गेम पासमध्ये आहे. एक महिन्याचं सदस्यत्व घेऊन तो आहे त्या पीसीवर चालवून बघा. सेटिंगमध्ये डेव्हलपर मोड सुरू केला की एफपीएसचा तक्ता पडद्यावर आणता येतो. कशामुळे अडलंय, हे तोच सांगतो: ‘लिमिटेड बाय मेनथ्रेड’ की ‘लिमिटेड बाय जीपीयू’. मेनथ्रेड दिसलं तर टेरेन लेव्हल ऑफ डिटेल आणि ट्रॅफिक खाली आणा. जीपीयू दिसलं तर रिझोल्यूशन आणि ढग कमी करा. एवढं करूनही समाधान झालं नाही, तर जे नाव सतत दिसतंय त्याच भागावर पैसे घाला. चाचणी निवांत माळरानावर करू नका. पावसाळी हवामान लावा, विमानांची गर्दी वाढवा आणि लंडनच्या हीथ्रोवर उतरून बघा.