मधल्या कांड्या आखूड का राहतात?



गेल्या गळीत हंगामात तोडणी चालू असताना एक सभासद दोन ऊस घेऊन गट ऑफिसात आले. आडसाली को 86032. ऊस टेबलावर आडवे टाकून म्हणाले, "साहेब, खालचं बघा, वरचं बघा. मधल्या या चार कांड्याच अशा बोटाएवढ्या का? खत तर सारखंच टाकलंय."

मी विचारले, "अण्णा, एप्रिल-मेमध्ये पाणी किती दिवसांनी दिलं?"

"आवर्तन लांबलं, विहिरीनं तळ गाठला. पण नंतर भरपूर दिलं की!"

नंतर दिलेले पाणी त्या चार कांड्यांना का उपयोगी पडले नाही, ते समजून घेण्यासाठी जरा उसाच्या आत शिरावे लागेल.

ऊस वाढतो म्हणजे नवीन कांडीच्या बुडाशी, गाठीलगत, कोवळ्या पेशी लांब होतात. पेशीत पाणी भरले की आतून दाब येतो. हा दाब मोटारीच्या चाकातल्या हवेपेक्षाही जास्त असू शकतो. मग पेशी चेंडूसारखी गोल का फुगत नाही? जत्रेतला फुगा घ्या, त्याला आडवी सुतळी गुंडाळा आणि फुगवा. तो जाड होणार नाही, लांब होईल. पेशीच्या भिंतीत सेल्युलोजचे धागे असेच आडवे गुंडाळलेले असतात. आणि हे धागे कुठे गुंडाळायचे, त्याची आखणी भिंतीच्या आतून करतो पेशीचा सांगाडा. तो हाडांचा नसतो, प्रथिनांच्या अतिसूक्ष्म नळ्यांचा असतो. नळी आडवी, तर धागा आडवा. 2006 साली अमेरिकेत शास्त्रज्ञांनी जिवंत रोपात सेल्युलोज विणणारी यंत्रणा या नळ्यांच्या वाटेने सरकताना प्रत्यक्ष पाहिली.

या शोधाचा एक धागा आपल्या डोंगराशी जुळतो. पावसाळ्यात घाटाकडच्या झुडपांत कळलावी फुलते. आपण तिला विषारी म्हणून ओळखतो. तिच्यात कोल्चिसिन नावाचे द्रव्य असते आणि ते या नळ्या बांधूच देत नाही. 1962 मध्ये पॉल ग्रीन या शास्त्रज्ञाने पाण्यातल्या एका शेवाळाला कोल्चिसिन दिले, तर पेशी लांब व्हायच्या सोडून चारी बाजूंनी फुगल्या. पुढच्याच वर्षी लेडबेटर आणि पोर्टर यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली भिंतीलगतच्या नळ्या दाखवल्या. त्यांनी तपासलेल्या रोपांत उसाच्याच कुळातले एक गवत होते.

आता पाण्याच्या ताणाचे. ताण पडला की सगळ्यात आधी थांबते ते पेशीचे लांब होणे. पान हिरवे दिसते, साखरही बनत असते, म्हणून आपण म्हणतो ऊस ठीक आहे. पण आतला दाब उतरलेला असतो. आडव्या नळ्यांची रचना विस्कटते, त्या तिरप्या-उभ्या होतात. ताण थोड्या दिवसांचा असेल तर त्या पुन्हा रचल्या जातात, हा वनस्पतीचा मोठाच गुण. ताण लांबला तर तेवढ्यात भिंत जून आणि कडक होते. मग वरून कितीही पाणी सोडा, ती पेशी ताणत नाही. ज्या कांडीचे पान वाळले, ती कांडी पुन्हा लांब होत नाही. नंतरच्या पाण्याने वरची नवीन कांडी वाढते, मागची राहिली ती राहिलीच.

(तोडणीआधी आपण मुद्दाम पाणी तोडतो ते याच गुणावर. वाढ थांबते, साखर कांडीत साठते. तोच ताण मे महिन्यात नुकसान करतो.)

मिठाच्या ताणावरचे प्रयोग मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपावर झाले आहेत. मीठ लागताच नळ्या आधी सुटतात आणि मग नव्याने बांधल्या जातात. ही पुनर्बांधणी अडवली तर रोपे टिकत नाहीत. कालव्याखालच्या ज्या जमिनी पाणी जास्त झाल्याने खारवट झाल्या आहेत, तिथे उसाला हे काम रोजचेच. अशा जमिनीत आधी चर काढून निचरा करा. थंडीतही या नळ्या सुटतात. डिसेंबर-जानेवारीत ओतूर-जुन्नरकडे ऊस जागचा हलत नाही, त्याला इतर कारणांबरोबर हेही एक.

आता हिशोब. एकरी 40 हजार ऊस धरले आणि आखूड कांड्यांमुळे प्रत्येकी फक्त 100 ग्रॅम वजन घटले, तर एकरी 4 टन गेले. काट्यावर ते कुणाच्या नजरेला येत नाही.

उन्हाळ्यात पाणी पुरणार नसेल तर सगळे पाणी एकदम देऊन महिनाभर कोरडे ठेवू नका. एक आड एक सरी भिजवा, पण पाळी चुकवू नका. सरीत पाचट पसरा, पाचट पेटवू तर नकाच. ठिबक असेल तर थोडे-थोडे, नियमित द्या. पालाश टाळू नका, कारण पेशीतला दाब टिकवण्यात त्याचा वाटा आहे. पुष्कळ जण युरियावर भर देतात आणि पोटॅशच्या पोत्याला हात आखडतात, हे मला वर्षानुवर्षे दिसते.

आणखी एक करा. मार्च अखेरीस प्लॉटमधल्या पाच उसांना लाल सुतळी बांधा आणि दर पंधरा दिवसांनी नव्या कांडीची लांबी टेपने मोजून वहीत लिहा. कांडी आखडायला लागली की पान सुकायची वाट न बघता पाणी द्या. अण्णांनी यंदा सुतळी बांधली आहे. वही घेऊन ते दर पंधरवड्याला गट ऑफिसात येतात, आणि पाण्याची पाळी कधी ते आता मला विचारत नाहीत, मला सांगतात.