कर्ता, करविता आणि पाहणारा

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील हसनाबादची ओळख कोणी कलेचे गाव म्हणून सांगत नाही. लग्न होऊन आलेली सून, व्यापारानिमित्त स्थिरावलेले कुटुंब किंवा बदलीवर आलेले शिक्षक यांनी ‘इकडे पाहण्यासारखे काय आहे?’ असे विचारले, तर अजिंठा आणि वेरूळ ही दोन नावे घेऊन बोलणे आटोपते. वर्षानुवर्षे येथे राहणाऱ्यांच्या नजरेला परिचयाची सवय झालेली असते. नव्याने आलेल्याची नजर मात्र ताजी असते आणि त्याचे प्रश्नही साधे असतात: हे कोणी केले? कोणासाठी केले? कशापासून केले?

या प्रश्नांना जैन विचारात एक जुना आधार आहे. तत्त्वार्थसूत्रात कर्माचा विचार करताना कृत, कारित आणि अनुमत असे तीन प्रकार सांगितले आहेत. स्वतः करणारा, दुसऱ्याकडून करविणारा आणि केलेल्याला मनाने मान्यता देणारा, हे तिघेही त्या कृतीचे भागीदार ठरतात. कलेच्या बाबतीतही हे तिघे असतातच. कारागीर घडवितो, दाता घडवून घेतो आणि पाहणारा अनुमोदना करतो. नवागताच्या वाट्याला प्रथम ही तिसरी भूमिका येते.

आरंभ तालुक्याच्या गावापासूनच करावा. आजचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सातवाहनकाळात ही भरभराटीची व्यापारपेठ होती. सांची आणि भारहूत येथील स्तूपांवरील दानलेखांत भोगवर्धनाच्या रहिवाशांचा उल्लेख येतो. म्हणजे या मातीतल्या माणसांनी दोन हजार वर्षांपूर्वी शेकडो कोसांवरच्या शिल्पकामाला हातभार लावला होता. १९७३ च्या सुमारास येथे झालेल्या उत्खननात हस्तिदंताची एक भग्न स्त्रीप्रतिमा मिळाली. इटलीतील पाँपेई हे नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे १९३८ साली सापडलेल्या सुप्रसिद्ध भारतीय हस्तिदंती मूर्तीशी भोकरदनच्या प्रतिमेचे साम्य इतके जवळचे आहे, की पाँपेईची मूर्तीही याच परिसरात घडली असावी, असे अनेक अभ्यासकांना वाटते. दानलेखांत दात्यांची नावे राहिली. दोन्ही मूर्ती कोरणाऱ्यांची नावे मात्र कोणालाही ठाऊक नाहीत.

हाच अनुभव वेरूळला येतो. क्रमांक ३० ते ३४ ही तेथील जैन लेणी साधारणपणे नवव्या-दहाव्या शतकांतील. कैलास लेणे पाहून थकलेले प्रवासी पुष्कळदा येथवर पोहोचतच नाहीत. बत्तिसाव्या लेण्याला ‘इंद्रसभा’ म्हणतात, पण हे नाव गैरसमजातून पडले. हत्तीवर बसलेल्या सर्वानुभूती यक्षाला कोणी इंद्र समजले आणि आम्रवृक्षाखाली सिंहावर बसलेल्या अंबिका यक्षीला इंद्राणी. उतावळेपणाने दिलेले नाव किती काळ टिकते, याचा हा धडा प्रत्येक नवागताने मनाशी ठेवावा.

आत मात्र सावकाश पाहावे. एकीकडे कमठाच्या उपसर्गात अविचल उभे असलेले पार्श्वनाथ आणि त्यांच्या मस्तकावर धरलेला नागफणा; दुसरीकडे अंगावर वेली चढल्या तरी ध्यानमग्न असलेले बाहुबली. वेरूळच्या जैन लेण्यांत ही दोन दृश्ये वारंवार समोरासमोर येतात. एक परीक्षा बाहेरच्या शत्रूची, दुसरी स्वतःच्या देहाची. मान वर केली, तर छतावर जुन्या रंगचित्रांचे अवशेष दिसतात. हात लावल्याने असे रंग झिजतात. म्हणून येथे डोळ्यांनीच स्पर्श करावा. मंगळवारी लेणी बंद असतात, हे लक्षात ठेवून निघावे.

याच डोंगरावर वरच्या बाजूला पार्श्वनाथांची भव्य मूर्ती आहे. शके ११५६, म्हणजे इ. स. १२३४-३५ च्या तेथील लेखात चक्रेश्वर या दात्याचे नाव त्याच्या कुळासह कोरलेले आहे. दगडावर छिन्नी चालविणारे हात याही वेळी निनावी राहिले.

छत्रपती संभाजीनगरात हिमरू आणि पैठणमध्ये पैठणी विणणारे हात आजही आहेत. दिल्लीच्या सुलतानाने चौदाव्या शतकात राजधानी दौलताबादला हलविली, तेव्हा हिमरूचे विणकर आले, असे परंपरा सांगते. हिमरूत ताणा सुताचा आणि वेलबुट्टी रेशमी धाग्याची असते. मागावरची वीण संथ चालते, यंत्रावरची झपाट्याने. त्यामुळे हातमाग कमी होत गेले.

येथे जैन पाहुण्यापुढे खरा पेच उभा राहतो. हस्तिदंतामागे हत्ती आहे, पारंपरिक रेशमामागे कोशातला जीव आहे. अनुमोदनेनेही भागीदारी होत असेल, तर नुसते ‘वा!’ म्हणणेसुद्धा जबाबदारीचे ठरते. परंतु कौशल्याचा आदर आणि साधनाला संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विणकराच्या बोटांचे कौतुक मनापासून करावे आणि खरेदी करताना सुती किंवा पतंग बाहेर पडल्यावर काढलेल्या रेशमाचे वस्त्र आहे का, असे विचारावे. असे ग्राहक वाढले, तर त्याच बोटांना हिंसेविना काम मिळण्याची वाट रुंद होईल. केवळ पाठ फिरविल्याने जीवही वाचत नाही आणि कलाही.

शेवटी नवागताने आपल्या घराकडेही पाहावे. मंदिरात पाटावर अक्षतांनी साथिया काढणारी श्राविका स्वतः कर्ती असते. चार गतींचा स्वस्तिक, त्यावर रत्नत्रयाचे तीन पुंज, त्याहून वर सिद्धशिलेची चंद्रकोर आणि सिद्धांचे स्थान, एवढा मोठा आशय मूठभर तांदळात मावतो आणि थोड्याच वेळात आवरला जातो. त्याखाली कोणी सही करीत नाही, कारण तेथे नाव विसरणे हीच साधना असते.

साधकाने नाव सोडणे वेगळे आणि समाजाने कारागिराला विसरणे वेगळे. भोकरदनच्या शिल्पकाराचे नाव आता मिळणार नाही. पण आज मागावर बसलेल्या विणकराला, मूर्ती घडविणाऱ्याला, चातुर्मासात स्थानकाच्या दारात रांगोळी काढणाऱ्या मुलीला ‘तुमचे नाव काय?’ असे विचारता येते आणि ते वहीत लिहून ठेवता येते. गावात नव्याने आलेल्या माणसाला ओळखी करून घ्याव्याच लागतात. त्यांचा आरंभ या प्रश्नाने व्हावा.