युद्धकाळातली तिकिटं (लेखांक ७) : कागद खरा, मोर खोटा

बनावट तिकीट ओळखायचं म्हटलं की हात आधी कागदाकडे जातो. तिकीट उलटं करून वॉटरमार्क पाहायचा, दाते मोजायचे, छपाई भिंगाखाली धरायची. १९४५ च्या सुरुवातीला अमेरिकी हेरखात्याने हिटलरच्या चेहऱ्याची सहा आणि बारा फेनिगची नकली तिकिटं लावलेली पत्रं विमानांतून जर्मन टपालगाड्यांपाशी टाकली. त्या तिकिटांना ही रीत चोख लागू पडते. तिथे कागदापासून दात्यांपर्यंत सारंच नव्याने घडवलं होतं, आणि जितकं घडवावं तितक्या चुकायच्या जागा. जपानी ताब्यातल्या ब्रह्मदेशाच्या आणि अंदमानच्या तिकिटांना मात्र हीच रीत लावली तर संग्राहक हमखास फसतो. इथे कागदाची साक्ष ग्राह्यच धरू नये, असं माझं मत आहे.

मार्च १९४२ मध्ये आधी रंगून पडलं, मग पोर्ट ब्लेअर. टपालखात्यात जुन्या तिकिटांचा साठा होता. इरावतीच्या त्रिभुज प्रदेशातल्या म्यौंगम्या, हेन्झाडा अशा गावांत राजाच्या डोक्यावर मोराचा ठसा मारून तो वापरात आणला गेला. अंदमानात दशांशचिन्ह आणि ठळक आकडा. खालचं तिकीट कुठलं? अंदमानचं तर सरळ भारतीय, म्हणजे नाशिकरोडच्या छापखान्यातलं. ब्रह्मदेश १९३७ मध्ये वेगळा झाला तेव्हा त्याची पहिली तिकिटंही भारतीयच, फक्त वर देशाचं नाव छापलेलं. तशी कोरी, ठसा न मारलेली साधी तिकिटं युद्धानंतरही किरकोळ भावात मिळत राहिली. लबाडाला घडवायचा होता तो फक्त ठसा. मग वॉटरमार्कमधल्या चांदण्या जागच्या जागी, दातेही बरोबर. असणारच, तिकीट नाशिकचंच आहे!

म्हणून प्रश्न वरच्या शाईचा, आणि वापरलेल्या तिकिटावर शाईच्या क्रमाचा. ठसा आधी, टपालशिक्का नंतर, हा खरा क्रम. अंदमानी आकड्याच्या खाली १९४० चा नागपूरचा टपालशिक्का दिसला तर पुढचं काही तपासायची गरज नाही. नागपुरात वापरून झालेलं तिकीट पोर्ट ब्लेअरच्या खिडकीवर पुन्हा विकलं गेलं नसणार. यावर आक्षेप असा, की दोन्ही शाया काळ्या असल्या तर वर कोणती हे भिंगालाही नेहमी कळत नाही. हे खरंच आहे. पण तेव्हाही शिक्क्यातलं गाव आणि तारीख उरतात, आणि ती दोन्ही ताब्याच्या इतिहासाशी जुळावी लागतात. लष्करी टपालाचंही तसंच. कामठीला आज आर्मी पोस्टल सर्व्हिसचं केंद्र असल्याने आपल्याकडे फील्ड पोस्ट ऑफिसच्या शिक्क्यांचा मान मोठा. मात्र १९४५ मध्ये परत आलेल्या भारतीय सैन्याचा तसा शिक्का मोरावर दिसला, तर तो फार तर आठवण म्हणून मारून घेतलेला. टपालहशील म्हणून तेव्हा तिथे लष्करी प्रशासनाचं नाव छापलेली ब्रह्मदेशाची युद्धपूर्व नमुन्याची तिकिटं चालत होती.

खरी अडचण कोऱ्या तिकिटांची, कारण तिथे टपालशिक्काच नसतो. काहीजण मागचा डिंक पाहतात. त्रिभुज प्रदेशातला पावसाळा काढलेला डिंक इतका स्वच्छ कसा, असा त्यांचा सवाल. पण तिकीट लवकरच एखाद्या कोरड्या गावी पोचलं असेल तर? डिंक संशय जागवतो, निकाल देत नाही. निकाल ठशाच्या रेषांवरून लावावा लागतो, आणि त्यासाठी मोराची तुलना पुस्तकातल्या चित्राशी करून भागत नाही. हाताने मारलेला ठसा कधी वाकडा, कधी शाईने भरलेला, कधी अर्धाच उमटलेला. एवढ्यातेवढ्या फरकाने तिकीट खोटं ठरवणं हाही अन्यायच. तुलना हवी ती निःसंशय त्या काळात वापरलेल्या पाकिटांवरच्या ठशांशी. पिसाऱ्यातली तुटलेली रेघ तिथे एकाही ठशात सापडत नसेल आणि बाजारातल्या दहा कोऱ्या तिकिटांवर मात्र हुबेहूब त्याच जागी दिसत असेल, तर ती दहाही एकाच हाताची. अशी पाकिटं पाहायला मिळत नसतील तर कोरा मोर विकत न घेणं बरं, मग विकणारा नाशिकच्या कागदाची कितीही ग्वाही देवो.