हेन्री शेफलिन: दहा मेडल्स, ऑपरेशन्स आणि एक न मारलेला गोल

(एपिसोडमध्ये बोललेलंच इथे लिहून काढलंय. 'अं', 'म्हणजे' तेवढे कापलेत.)

आजचा माणूस तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलेला नसणार, आणि त्याचा खेळही. खेळाचं नाव हर्लिंग. माणसाचं नाव हेन्री शेफलिन. देश आयर्लंड.

आधी खेळ समजून घेऊ, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा जण. प्रत्येकाच्या हातात ॲशच्या लाकडाची, टोकाला पसरट होत गेलेली काठी, तिला हर्ली म्हणतात. चामड्याचा छोटा बॉल, त्याचं नाव स्लिटर. बॉल जमिनीवरून मारा, हवेत मारा, हातात झेला, काठीवर तोलत पळा, सगळं चालतं. हॉकीत काठी जरा वर गेली की आपण ओरडतो ना? इथे डोक्याच्या उंचीवर काठ्या फिरत असतात आणि त्यातच माणूस हात घालून बॉल पकडतो. हेल्मेट सगळ्यांना सक्तीचं झालं ते थेट २०१० साली!

गोलपोस्ट इंग्रजी एच अक्षरासारखा. आडव्या दांडीच्या वरून बॉल गेला तर १ पॉइंट. खालून, जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे ३ पॉइंट. स्कोअर लिहिताना गोल आणि पॉइंट वेगळे लिहितात. २-१३ म्हणजे दोन गोल आणि तेरा पॉइंट, एकूण १९. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता यातली मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट. यात पैसे नाहीत. क्रोक पार्क नावाचं डब्लिनमधलं स्टेडियम ऐंशी हजारांवर माणसांनी भरतं, सगळा देश टीव्हीसमोर बसतो, आणि मैदानावरच्या कुणालाही पगार नाही, मॅच फी नाही. ऑक्शन वगैरे तर विसराच. ज्या काउंटीत वाढलात, साधारण तिच्याकडूनच आयुष्यभर खेळायचं. शेफलिन बँक ऑफ आयर्लंडमध्ये नोकरी करायचा. त्याचे मॅनेजर ब्रायन कोडी प्राथमिक शाळेत मास्तर होते. म्हणजे रविवारी फायनल, आणि पुढे कधीतरी पुन्हा डेस्क. (आम्ही रिलीजनंतरचा सोमवार सुट्टी म्हणून मागतो, असो.)

शेफलिनचा जन्म १९७९ चा, किलकेनी काउंटीतल्या बॅलीहेल गावचा. क्लब गावचाच, बॅलीहेल शॅमरॉक्स. १९९९ मध्ये तो किलकेनीच्या सीनियर टीममध्ये आला आणि पहिल्याच वर्षी ऑल-आयर्लंड फायनल हरला, कॉर्ककडून, एका पॉइंटने. नंतर २०००, २००२, २००३ मध्ये जिंकला. २००२ च्या फायनलला क्लेअरविरुद्ध १-७ मारले, म्हणजे एकट्याचे दहा पॉइंट. मग २००६ ते २००९ सलग चार. पुढे २०११, २०१२, २०१४. मोजा. दहा! मैदानावर उतरून दहा ऑल-आयर्लंड मेडल्स मिळवणारा तो पहिला. त्याच्या आधी कॉर्कचा क्रिस्टी रिंग आणि टिपररीचा जॉन डॉयल आठ-आठवर थांबले होते, आणि तिकडे ही दोन नावं देवघरात ठेवल्यासारखी घेतली जातात.

पण मेडल्सची यादी विकिपीडियावर मिळते. मला बोलायचंय त्याच्या निर्णयांबद्दल. त्यातले दोन पेनल्टीचे आहेत.

पहिली २००९ ची फायनल. समोर टिपररी. साठाव्या मिनिटानंतर किलकेनी मागे आहे, आणि मॅच असते सत्तर मिनिटांची. पेनल्टी मिळते. ती द्यायला हवी होती का, यावर टिपररीत आजही भांडणं होतील. तेव्हाच्या नियमाने पेनल्टीला गोललाइनवर एकटा गोलकीपर नसायचा, त्याच्यासोबत आणखी दोन डिफेंडर. तीन माणसं, तीन काठ्या. नियम बदलून समोरासमोर एकच माणूस झाला तो २०१५ मध्ये. शेफलिनने बॉल उचलला आणि सरळ जाळ्यात घातला. किलकेनी पुढे. लगेच मार्टिन कॉमरफर्डचा आणखी एक गोल, आणि सलग चौथं टायटल घरी.

दुसरी २०१२ ची फायनल, गॉलवेविरुद्ध. याच गॉलवेने त्या उन्हाळ्यात लेन्स्टर फायनलमध्ये किलकेनीला धू धू धुतलं होतं. हाफटाइमला किलकेनी पाच पॉइंटने मागे. तिथून तेहतीस वर्षांचा शेफलिन टीमला ओढत आणतो. अडुसष्टावं मिनिट, स्कोअर बरोबरीत, पेनल्टी. सगळ्या स्टेडियमला वाटतं, आता गोल.

त्याने बॉल शांतपणे दांडीवरून मारला. एक पॉइंट.

का? जरा गणित करू. गोलचे ३, पॉइंटचा १. नुसते सरासरी पॉइंट बघितले तर तीनात एकदा गोल होण्याची खात्री असली की गोलसाठी जाणं परवडतं. पण दोन मिनिटं उरलेली असताना सरासरी कुणाला हवीय? शेवटी पुढे कोण असणार हा प्रश्न. मागे असाल तर एका पॉइंटने भागत नाही, धोका पत्करावाच लागतो. तो २००९. बरोबरीत असाल आणि एक पॉइंट जवळजवळ फुकट मिळत असेल, समोर लाइनवर तीन जण उभे असतील, तर आघाडी घ्या आणि समोरच्याला धावायला लावा. तो २०१२. माणूस तोच, हात तोच, बदलली ती परिस्थिती.

आणि तरी मॅच जिंकली नाही! शेवटी जो कॅनिंगने फ्री मारून बरोबरी केली. गॉलवे २-१३, किलकेनी ०-१९. मघाचं गणित करा, दोन्हीकडे १९. किलकेनीचा त्या दिवशी एकही गोल नाही, आणि १९ मधले १२ एकट्या शेफलिनचे. मग चर्चा सुरू: गोल मारला असता तर? माझं मत स्पष्ट आहे, निर्णय बरोबर होता. रिप्लेमध्ये किलकेनीने ३-२२ विरुद्ध ३-११ असा सोक्षमोक्ष लावला. नववं मेडल, आणि तिसऱ्यांदा वर्षातला सर्वोत्तम हर्लर.

आता जो निर्णय मला पटत नाही, तो. २०१०.

त्याआधी २००७ चं सांगतो. शेफलिन कॅप्टन. लिमरिकविरुद्ध फायनलमध्ये गोल मारला आणि पहिल्याच हाफमध्ये गुडघ्यातलं क्रुशिएट लिगामेंट गेलं. टीम जिंकली, कप त्यानेच उचलला, पण पुढे ऑपरेशन आणि महिनोन्‌महिने रिहॅब. हे लिगामेंट मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत बांधून ठेवतं. ते तुटलं तरी गंमत म्हणजे सरळ पळता येतं, मांडीचे स्नायू बराच भार घेतात. गोची होते वळताना. पाय रोवून अंग फिरवलं की गुडघा निसटतो. आणि हर्लिंग म्हणजे सत्तर मिनिटं पाय रोवून अंग फिरवणंच!

२०१० च्या सेमीफायनलला कॉर्कविरुद्ध पुन्हा क्रुशिएट लिगामेंट तुटलं. फायनल चार आठवड्यांवर. किलकेनी सलग पाचव्या टायटलच्या दारात. सलग चार त्याआधी फक्त कॉर्कला जमले होते, १९४१ ते ४४. सलग पाच कुणालाच नाही, आजपर्यंत नाही. ऑपरेशन पुढे ढकललं आणि स्नायूंच्या जोरावर खेळायचं ठरलं. तो ट्रेनिंगला उतरतोय कळल्यावर नुसतं ते बघायला नोलन पार्कवर हजारो लोक जमले. सहकारी जॉन टेनिसनचंही क्रुशिएट तुटलेलं, आणि तोही फायनलला उतरणार होता.

पंधरा मिनिटंही झाली नव्हती, शेफलिन बाहेर. टिपररीच्या लार कॉर्बेटने तीन गोल ठोकले आणि किलकेनीचं स्वप्न संपलं.

मला यात त्याच्यापेक्षा आजूबाजूच्यांबद्दल प्रश्न पडतो. खेळाडू हो म्हणणारच. एकतीस वर्षांच्या माणसाला हजारो लोक टाळ्या वाजवत असतील तर तो 'नको, बसतो' म्हणेल का? ज्याला या गुडघ्यावर उद्या ऑफिस गाठायचंय, पोरांमागे पळायचंय, त्याला कुणीतरी थांबवायला हवं होतं. दुसरी बाजू हीसुद्धा खरी, की पगारच नाही तर कॉन्ट्रॅक्टची जबरदस्तीही नाही. तो उतरला कारण त्याला उतरायचं होतं. पाचपैकी तीन वेळा मी माझ्या पहिल्या मतावर येतो.

तो परत आला, हे मात्र अफाट. २०११ ला आठवं मेडल. मग खांद्याचं ऑपरेशन, त्यानंतर तो २०१२ चा उन्हाळा. २०१३ ला कॉर्कविरुद्ध पहिल्यांदाच रेड कार्ड. २०१४ ला तो बहुतेक बेंचवर होता. टिपररीविरुद्धच्या फायनलच्या रिप्लेमध्ये शेवटी आत आला आणि दहावं मेडल मिळालं. मार्च २०१५ मध्ये आधी क्लबसोबत ऑल-आयर्लंड क्लब टायटल, आणि त्यानंतर साधारण आठवड्याभराने किलकेनीतून निवृत्ती. हिशोब: चॅम्पियनशिपच्या ७१ मॅच, २७ गोल, ४८४ पॉइंट. हा विक्रम २०२१ मध्ये मोडला तो जो कॅनिंगने, ज्याने ती बरोबरी केली होती त्यानेच. आणि त्याच वर्षी शेफलिन मॅनेजर झाला, कॅनिंगच्या गॉलवेचा!

होमवर्क एवढाच: २०१२ च्या पहिल्या फायनलचा व्हिडिओ शोधा, पेनल्टीच्या आधी पॉज करा, आणि तुम्ही काय मारलं असतं ते मला व्हॉइस नोटवर पाठवा. निकाल आता माहीत आहे म्हणून चीटिंग नको.